अठरा फुटांचा मेनोरा, पंचेचाळीस फुटांचे झाड : पिट्सबर्गचे प्रकरण

नाताळच्या दिवसांत ज्यू माणसाने हनुक्का हा आपला दिव्यांचा सण किती उघड्यावर आणायचा, हा प्रश्न अमेरिकेत दरवर्षी घराघरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत निघतो. त्याचा सर्वांत बारीक कीस काढला गेला तो पिट्सबर्गच्या प्रकरणात. ‘ॲलेगेनी काउंटी विरुद्ध अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना)’ हा दावा 10 डिसेंबर 1986 रोजी दाखल झाला आणि 3 जुलै 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. कायद्याच्या वर्गात तो पहिल्या घटनादुरुस्तीचा धडा म्हणून शिकवतात. इथे तो दिव्याच्या, म्हणजे हनुक्काच्या मेनोरा या फांद्यांच्या दिव्याच्या, बाजूने मांडला आहे : बहुसंख्यांच्या सणात अल्पसंख्यांचा दिवा उभा राहतो तेव्हा अटी कोण घालतो, आणि त्या अटींपायी दिव्याला काय सोडावे लागते.

दोन इमारती

ॲलेगेनी काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) न्यायालय पिट्सबर्गच्या मध्यवस्तीत आहे. त्या इमारतीतला भव्य जिना ही तिची सर्वांत दर्शनी जागा. 1981 पासून दर नाताळात काउंटी त्या जिन्यावर ख्रिस्तजन्माचा गोठा मांडू देत असे. गोठा कॅथलिकांच्या होली नेम सोसायटीचा होता आणि तसे सांगणारी पाटीही त्यावर होती. बाळ येशू, मरिया, योसेफ, गुरे, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष अशी नेहमीची मांडणी. माथ्यावर देवदूत, आणि त्याच्या हातात देवाचा गौरव गाणारी लॅटिन शब्दांची पट्टी. तीन बाजूंनी लाकडी कुंपण, कडेने काउंटीने ठेवलेल्या पॉइन्सेटियाच्या कुंड्या, दोन टोकांना लाल फीत बांधलेली दोन छोटी सदाहरित झाडे. सांताक्लॉज नाही, हरणे नाहीत, दुसरे काहीच नाही. 1986 साली हा गोठा 26 नोव्हेंबरला मांडला गेला आणि 9 जानेवारी 1987 पर्यंत राहिला. 3 ते 23 डिसेंबरच्या दरम्यान दुपारच्या जेवणाच्या वेळी शाळांची गायनपथके तिथेच नाताळगीते गात.

तिथून एक चौक पुढे, ग्रँट स्ट्रीटवर, सिटी-काउंटी बिल्डिंग. तिच्या दाराशी तीन कमानी आहेत. 17 नोव्हेंबरला शहराच्या कर्मचाऱ्यांनी मधल्या कमानीखाली 45 फुटांचे नाताळचे झाड उभे केले. झाडाच्या बुंध्याशी महापौर रिचर्ड कॅलिग्विरी यांच्या नावाचा फलक लावला : शहर स्वातंत्र्याला वंदन करते, आणि हे दिवे आपण स्वातंत्र्याच्या ज्योतीचे राखणदार आहोत याची आठवण देवोत, अशा आशयाचा. 22 डिसेंबरला झाडाशेजारी हनुक्काचा 18 फुटांचा मेनोरा उभा राहिला. निदान 1982 पासून शहराच्या आराशीत हनुक्काला जागा मिळत होती. मेनोरा हबाद या हसीदी, म्हणजे एका कर्मठ पंथाच्या, ज्यू संघटनेच्या मालकीचा. पण वर्षभर तो ठेवायचे शहर, उभा करायचे शहर आणि उतरवायचेही शहरच.

मालकी खाजगी आणि राबणूक सरकारी, ही गाठ पुढे अडीच वर्षे सुटली नाही. आजही अशा वादांत सर्वांत आधी हेच विचारले जाते : वस्तू कोणाची, जमीन कोणाची, उचल-ठेव कोणी केली, वीज कोणाची आणि पाटीवर सही कोणाची. ही पाच उत्तरे कागदावर नसली, तर हेतू कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनची पिट्सबर्ग शाखा आणि 7 स्थानिक रहिवासी यांनी काउंटी आणि शहर दोघांविरुद्ध दावा लावला. त्या दिवशी 1986 चा मेनोरा अजून उभाही राहिला नव्हता. सरकारने धर्माची स्थापना करू नये असे पहिली घटनादुरुस्ती सांगते. गोठा आणि मेनोरा दोन्ही तिचा भंग करतात, असे वादींचे म्हणणे. हबादने हस्तक्षेप अर्ज करून मेनोऱ्याच्या बाजूने उभे राहण्याची परवानगी मिळवली. केंद्रीय जिल्हा न्यायालयाने 1987 च्या मे महिन्यात मनाई हुकूम नाकारला. वरच्या अपील न्यायालयाने दोनास एक मताने तो फिरवला आणि दोन्ही देखावे घटनाबाह्य ठरवले. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेले.

पंचांग काय सांगत होते

या सगळ्या धामधुमीत एक साधी गोष्ट मागे पडते. 1986 साली हनुक्का नाताळच्या आधी नव्हता, नाताळबरोबरही नव्हता. पहिला दिवा 26 डिसेंबरच्या संध्याकाळी लावायचा होता, म्हणजे नाताळ उलटल्यावर. मेनोरा मात्र 22 तारखेला उभा राहिला, जणू शहराच्या लेखी ‘सणांचे दिवस’ म्हणजे नाताळपर्यंतचे दिवस.

हनुक्का किसलेव महिन्याच्या 25 तारखेला सुरू होतो आणि 8 दिवस चालतो. ज्यू पंचांग आपल्या पंचांगासारखेच चांद्र महिने आणि अधिक महिना धरून चालते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. 2013 साली हनुक्काचा पहिला दिवस अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगला, 28 नोव्हेंबरला आला. 2024 साली पहिला दिवा 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागला. 2026 साली तो 4 डिसेंबरला आहे, म्हणजे 18 डिसेंबरच्या कचेरीतल्या पार्टीत हनुक्काच्या शुभेच्छा दिल्या तर सण संपून आठवडा होत आला असेल. हे चुकते कारण लोक हनुक्काला नाताळचे शेपूट समजतात. तारीख दरवर्षी पाहावी लागते, एवढेच याचे उत्तर.

1986 चा आणखी एक पेच : 26 डिसेंबर हा शुक्रवार होता आणि आठवा दिवा आला 2 जानेवारीला, तोही शुक्रवारच. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि मग जाळ पेटवणे, हलवणे, वात सारणे सगळे बंद. म्हणून त्या दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या मेणबत्त्यांच्याही आधी, म्हणजे सूर्यास्ताला सुमारे 18 मिनिटे उरण्याआधीच लावावे लागतात. आणि हे दिवे तारे दिसल्यानंतर निदान अर्धा तास जळत राहिले पाहिजेत. हिशेब केला तर जवळपास दीड तास. दुकानातल्या खोक्यात 44 बारीक मेणबत्त्या मिळतात (आठ रात्रींच्या 36 आणि रोजच्या शमाशच्या, म्हणजे बाकीचे दिवे पेटवणाऱ्या दिव्याच्या, 8), त्या अर्ध्या तासाच्या बेताने केलेल्या असतात. शुक्रवारी त्या लावल्या की अंधार पडायच्या आतच विझतात. त्या दिवशी जाड मेणबत्ती किंवा जास्त तेल लागते. शनिवारचा दिवा उलट उशिरा, शब्बाथ पूर्ण संपल्यावर. 2026 सालीही पहिला आणि आठवा दिवा शुक्रवारीच आहे, त्यामुळे चौकातला जाहीर कार्यक्रम त्या दोन दिवशी सहा वाजता ठेवला तर धार्मिक ज्यू तिथे येऊच शकणार नाहीत. असे वेळापत्रक नगरपालिका अगदी सद्भावनेने छापतात.

दिवा नीट म्हणजे कसा

न्यायालयासमोर मेनोरा ‘प्रतीक’ म्हणून आला. ज्याच्या घरी तो लागतो त्याच्यासाठी तो नियम असलेली वस्तू आहे, आणि हे नियम माहीत असल्याशिवाय वादातली अर्धी गोम कळत नाही.

सात फांद्यांचा मेनोरा जेरुसलेमच्या मंदिरातला. हनुक्काच्या मेनोऱ्याला आठ दिवे आणि नववा शमाश, म्हणजे बाकीचे पेटवणारा सेवक दिवा. आठही एका उंचीवर आणि एका रांगेत हवेत, कोणी कोणापेक्षा वरचढ नाही. शमाश तेवढा वर, खाली किंवा बाजूला, ओळखू येईल असा वेगळा. सजावटीच्या दुकानातले कित्येक मेनोरे इथेच नापास होतात : दिवे लाटेसारखे वरखाली, किंवा सात फांद्यांचे मंदिराचे चित्र. मेणबत्त्या उजवीकडून भरायच्या, पेटवताना त्या दिवशीच्या नव्या मेणबत्तीपासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे यायचे. पहिल्या रात्री तीन आशीर्वचने, पुढे रोज दोन. पहिल्या दिवशी एक दिवा, दुसऱ्या दिवशी दोन. कचेरीतल्या सजावटीत पहिल्याच दिवशी आठही बल्ब लागलेले दिसतात, ते चूक. या दिव्यांच्या उजेडात काम करायचे नाही, ते फक्त पाहायचे. म्हणून तर शमाश लागतो.

उंचीलाही मर्यादा आहे. ज्योत 20 हातांच्या वर गेली तर दिवा ग्राह्य नाही, कारण तिथे माणसाची नजर जात नाही. 20 हात म्हणजे मोजणीच्या पद्धतीप्रमाणे साधारण साडेनऊ मीटर. पिट्सबर्गचा मेनोरा साडेपाच मीटरचा, म्हणजे नियमात बसणारा. झाड पावणेचौदा मीटरचे. मेनोरा झाडाहून ठेंगणा दिसला म्हणून त्याला उंच करत नेण्याची ईर्ष्या काही शहरांत दिसते, तिला धर्मशास्त्राचाच अडसर आहे. इतक्या उंच दिव्याशी पोहोचायला रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या पाळण्याच्या गाडीची गरज पडते. वाऱ्याला तोंड द्यायला तेलाच्या ज्योतीभोवती काचेच्या चिमण्या लागतात. नुसते विजेचे बल्ब बहुतेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) विधीसाठी मान्य करत नाहीत. आणि चौकातला दिवा पाहून आलेल्याची घरची जबाबदारी सुटत नाही. घरी पुन्हा लावायचाच असतो.

हा दिवा मुळात दाखवण्यासाठी आहे. चमत्काराची (मंदिरातले एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले ही कथा) प्रसिद्धी व्हावी म्हणून तो दाराबाहेर किंवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा, असे तलमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ सांगतो. तिथेच पुढे म्हटले आहे की धोक्याच्या काळात तो घरात टेबलावर ठेवला तरी पुरे. ज्यूंना आजवर दोन्ही आज्ञा लागू पडल्या आहेत, आणि पिट्सबर्गच्या वादात ज्यू समाज दोन बाजूंना का गेला हेही त्यावरून उमगते.

ज्यू विरुद्ध ज्यू

हा खटला ज्यू विरुद्ध ख्रिस्ती असा नव्हता. अमेरिकन ज्यूइश कमिटी आणि अमेरिकन ज्यूइश काँग्रेस या जुन्या, वजनदार संस्थांनी न्यायालयाला निवेदने दिली ती मेनोऱ्याच्या विरोधात, म्हणजे दोन्ही देखावे काढा या बाजूने. त्यांचा हिशेब सरळ होता : सरकार आणि धर्म यांच्यात भिंत असेल तरच अल्पसंख्यांना श्वास घेता येतो. आज मेनोऱ्यासाठी भिंतीला भोक पाडले तर उद्या त्याच भोकातून गोठा आत येईल, आणि गोठ्यामागे बहुसंख्या आहे.

हबादचा विचार वेगळ्या मुळातून आला होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारे हबादचे प्रमुख रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांनी 1970 च्या दशकात हनुक्का घराबाहेर आणण्याची मोहीम सुरू केली. 1974 साली फिलाडेल्फियात लिबर्टी बेलजवळ मेनोरा लागला, 1975 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये, 1979 साली वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः सोहळ्याला आले. आपला सण झाकून ठेवणारा ज्यू मुलगा नाताळच्या झगमगाटात हळूहळू स्वतःलाच विसरतो, ही या मोहिमेमागची कळकळ. सर्वोच्च न्यायालयात हबादची बाजू नेथन लुइन यांनी मांडली.

दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. पहिलीला राज्यसत्तेची भीती होती, दुसरीला विस्मरणाची. एकाच रस्त्यावरच्या दोन ज्यू घरांत आजही ही दोन मते सापडतात, आणि ‘ज्यू लोकांना काय हवे’ असे कोणा एका शेजाऱ्याला विचारून भागत नाही ते त्यामुळेच.

नऊ न्यायमूर्तींचा हिशेब

1984 साली ‘लिंच विरुद्ध डॉनली’ या खटल्यात ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराचा गोठा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला होता. तिथे गोठ्याभोवती सांताचे घर, हरणांची गाडी, विदूषक, हत्ती, अस्वल आणि ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ची पट्टी होती, त्या पसाऱ्यात गोठ्याचा धार्मिक सूर बुजतो असे मानले गेले. त्याच खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी कसोटी मांडली : सरकार एखाद्या धर्माला पसंतीची पावती देते आहे असे पाहणाऱ्याला वाटेल का?

पिट्सबर्गमध्ये ही कसोटी दोन देखाव्यांना दोन निकाल देऊन गेली. जिन्यावरचा गोठा पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरला. मेनोरा सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला. वर्तमानपत्रांनी याचा अर्थ ‘गोठा हरला, मेनोरा जिंकला’ असा लावला. मते मोजली की चित्र बदलते. केनेडी, रेन्क्विस्ट, व्हाइट आणि स्कॅलिया या चौघांना दोन्ही देखावे चालत होते. ब्रेनन, मार्शल आणि स्टीव्हन्स या तिघांना दोन्ही नको होते. म्हणजे नवांपैकी सातांना दोन्हींना एकच न्याय हवा होता. फरक केला तो हॅरी ब्लॅकमन आणि ओकॉनर या दोघांनीच, आणि त्यांचीही कारणे जुळत नव्हती.

ब्लॅकमन म्हणाले की नाताळचे झाड आता धार्मिक राहिलेले नाही. ते मधोमध आहे, मोठे आहे, मेनोरा बाजूला आहे, आणि फलक स्वातंत्र्याबद्दल बोलतो. एकत्र पाहिले तर हा हिवाळी सणांचा देखावा आहे. नाताळ सांस्कृतिक सण म्हणून साजरा करू द्यायचा आणि हनुक्काला मज्जाव करायचा, हा ज्यूंवर अन्याय होईल, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. हनुक्कासाठी शहराला मेनोऱ्याहून कमी धार्मिक असे दुसरे प्रतीक तरी कुठे होते? मुले फिरवतात तो चौकोनी भोवरा, ड्रेडल, 18 फुटांचा करून उभा केला तर विसंगत दिसेल, आणि काहींना ती सणाची थट्टाही वाटेल, असा मुद्दा निकालपत्रात आहे. ज्यू सणांच्या उतरंडीत हनुक्काचे धार्मिक स्थान तसे खालचे, अमेरिकेत त्याला जे महत्त्व आले ते सामाजिक कारणांनी, असेही त्यांनी नोंदवले.

ओकॉनर यांनी मेनोरा धार्मिकच आहे असे म्हटले. तरीही झाड आणि फलकासह त्याचा संदेश अनेक श्रद्धांना जागा देण्याचा आहे, म्हणून तो चालतो, हा त्यांचा मार्ग. तेव्हा ‘सर्वोच्च न्यायालयाने मेनोरा निधर्मी ठरवला’ असे जे सर्रास लिहिले जाते ते बरोबर नाही. मेनोऱ्यासह सबंध देखावा निधर्मी मानण्याचे वळण एकट्या ब्लॅकमन यांचे.

ब्रेनन यांचे भिन्नमत ज्यू वाचकाने आवर्जून वाचावे असे आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या विधींच्या वस्तू एकत्र करून मांडणे, त्या धर्मांना असे एकत्र येणे मान्य आहे का हे न विचारता, हा बहुविधतेचा सन्मान नव्हे. ती धर्मात केलेली ढवळाढवळ आहे, असे ते म्हणतात. केनेडी यांनी उलट टोकाहून टीका केली की न्यायाधीशांनी आता कुंड्या कुठे आणि हरणे किती हे मोजत बसायचे का. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. आमच्या मते मात्र दुखऱ्या जागेवर बोट ठेवले ते ब्रेनन यांनी.

दिव्याने काय सोडले

मेनोरा टिकला तो शेजारी झाड होते म्हणून. तो एकटा असता तर? त्याचे उत्तर त्याच वर्षी डिसेंबरात आले. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला सिटी हॉलच्या बागेत हबादचा मेनोरा एकटाच उभा होता. तिथल्या अपील न्यायालयाने पिट्सबर्गचाच दाखला देऊन तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे ज्यू दिव्याला सरकारी अंगणात परवाना हवा तर नाताळचे झाड जामीन हवे.

हनुक्का हा सण ज्या घटनेचा आहे ती पाहिली म्हणजे ही अट जास्तच बोचते. ख्रिस्तपूर्व 164 मध्ये मॅकबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचे मंदिर परत घेतले, ते ग्रीक राजसत्तेने लादलेल्या पूजाविधींना नकार देऊन. वरचढ संस्कृतीत विरघळायला नकार देणाऱ्यांचा हा सण, आणि त्याला जागा मिळाली ती ‘हिवाळी सण’ या सामाईक नावाखाली विरघळल्यावर. हबादला ही किंमत परवडते, कारण दिवा लागला की आशीर्वचने म्हणता येतात आणि कायद्याच्या कागदावर त्याला काय म्हटले याने ज्योतीला फरक पडत नाही. विरोधातल्या ज्यू संस्थांना ती परवडत नव्हती.

सणाचे मूळ स्थान लहान होते याला महाराष्ट्रातून एक दाखला मिळतो. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हताच. आपले पूर्वज मॅकबींच्या घटनेआधीच निघाले होते, असे त्यांची परंपरा सांगते. नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा हे होते. फाल्गुनाच्या सुमारास येणाऱ्या पुरिमला तर ते होळीचा सण म्हणत. बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर हनुक्का आला. शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून शतकानुशतके ज्यूपण टिकवलेल्या समाजाला हनुक्का नसल्याने काही उणे पडले नाही. म्हणून ब्लॅकमन यांनी मांडलेली उतरंड चूक नाही. पण तिच्या आधारे दिव्याला आरास समजणे बरोबर नाही.

पुढे कायदा कुठे गेला

1995 च्या ‘कॅपिटल स्क्वेअर विरुद्ध पिनेट’ खटल्याने दुसरी वाट खुली केली. ओहायोच्या कोलंबस शहरातल्या सरकारी चौकात 1993 साली राज्याचे झाड आणि एका रब्बींचा मेनोरा यांना परवानगी मिळाली, कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेच्या क्रूसाला नाकारली गेली. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की चौक सर्वांच्या अभिव्यक्तीसाठी खुला असेल तर खाजगी धार्मिक वस्तूला तेवढ्यासाठी अडवता येणार नाही. ही वाट मेनोऱ्यासाठी जास्त सन्मानाची : झाडाची सोबत नको, निधर्मी असल्याचे सोंग नको. मात्र तोच नियम ज्यूंचा द्वेष करणाऱ्या संघटनेलाही लागू झाला, हे डोळ्यांआड करता येत नाही.

2022 साली ‘केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन’ (हे केनेडी म्हणजे वरचे न्यायमूर्ती नव्हेत) निकालात सर्वोच्च न्यायालयाने पसंतीच्या पावतीची ती जुनी कसोटी सोडली आणि इतिहास व परंपरा यांकडे पाहायला सांगितले. हे ऐकून काही ज्यू धास्तावले, ते उगाच नाही. अमेरिकेत नाताळ 1870 पासून केंद्र सरकारची सुट्टी आहे. परंपरेच्या तराजूत हनुक्काचे पारडे हलकेच राहणार.

आज हाताशी काय घ्यायचे

गृहसंकुल, कचेरी किंवा नगरपालिकेत मेनोरा लावायचा प्रस्ताव आला तर आधी तिथल्या ज्यू लोकांना विचारावे, आणि एकाहून जास्त जणांना. कोणाला तो हवा असेल, कोणाला डिसेंबरात निमूट राहू दिले तर बरे वाटेल. वस्तू, तिची वाहतूक, विमा आणि रखवाली ज्यू संस्थेकडे ठेवावी. सरकारी जागा असेल तर इतरांना लागू असलेलाच अर्ज भरावा, आणि हा खाजगी देखावा आहे अशी वाचता येईल एवढ्या अक्षरांची पाटी लावावी. दिवा झाडाच्या फांदीवर किंवा झाडाखालच्या खेळण्यांत ठेवू नये. रोज संध्याकाळी एक दिवा वाढवणारा माणूस नेमावा, शुक्रवारची वेळ सूर्यास्त पाहून ठरवावी. सण संपल्यावर दुसऱ्या दिवशी तो उतरवावा. पिट्सबर्गचा देखावा 13 जानेवारीपर्यंत उभा होता, हनुक्का संपून दहा दिवस झाले तरी. तेव्हाच तो दिवा न राहता आरास झाला होता.

शाळेत ज्यू मुलाला वर्गापुढे उभे करून ‘तुमचा नाताळ कसा असतो’ हे सांगायला लावू नये. गायनपथकात नाताळगीतांच्या यादीला हनुक्काचे एक गाणे जोडून समतोल साधत नाही. न गाण्याची मोकळीक, गुण न कापता, आधीच लिहून दिलेली असली म्हणजे पालकांना दरवर्षी दार ठोठवावे लागत नाही. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनाही सरकारी वाचनालयात किंवा शाळेत दिवाळीचा देखावा मांडताना जागा कोणाची आणि पाटी कोणाची हे प्रश्न येतात, तेव्हा ही पिट्सबर्गची यादी हाताशी असावी.

कचेरीतल्या रजेबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. हनुक्काला कामाची मनाई नाही, रजा लागत नाही. दिवा लावायच्या वेळी घरी पोहोचता आले की झाले. रजा लागते ती रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांना, आणि ते सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, जेव्हा कोणी मेनोरा मांडत नाही आणि नेमक्या त्याच दिवशी परीक्षा किंवा तिमाही बैठक ठेवली जाते. 2026 साली रोश हशाना 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो. योम किप्पूरचा उपास रविवारी, 20 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन सोमवारी रात्री सुटतो. ज्या कचेरीत डिसेंबरचा दिवा मांडायचा आहे, तिच्या वार्षिक वेळापत्रकात या तारखा आधी घालाव्यात.